ठिपके कोरडे नसतात
एका लेखात म्हटलंय की रंगाचे बारीक ठिपके देत चित्र रंगवण्याच्या पद्धतीमुळे निसर्गचित्र यांत्रिक होतं, मला हे अजिबात पटलं नाही. याच पद्धतीने रंगवणाऱ्या फ्रेंच चित्रकार जॉर्ज स्यूराचं १८९० चं, फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या ग्राव्हलीन गावातल्या कालव्याचं संध्याकाळचं चित्र बघा, पाणी, शिडाची जहाजं, काठावर नांगर आणि दिव्याचा खांब, माणूस एकही नाही, आणि तरी किती हुरहूर लागते! रंग पॅलेटवर घोटून मिसळले की मळतात, इथे शुद्ध रंगाचे ठिपके शेजारी शेजारी ठेवलेत, लांबून बघितलं की डोळाच त्यांचं मिश्रण करतो म्हणून तो उजेड असा थरथरल्यासारखा वाटतो, आणि आडव्या रेषांनी सगळं शांत होतं. बाकी स्यूराचा साथी चित्रकार पॉल सिन्याक, त्याचे नंतरचे मोठे चौकोनी फटकारे मला एवढे भिडत नाहीत, सुंदर आहेत पण ही शांतता त्यात नाही.