‘शहरी पाहुणे’ म्हणे!

मागच्या महिन्यात धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावच्या रविवारच्या फेरीबद्दल लिहिलं होतं. त्याखाली एका वाचकांनी चांगलंच झापलंय. सार असं: त्रिविक्रमाच्या देवळाला दोन ओळी आणि स्टँडजवळच्या भज्यांना आठ, संग्रहालय अर्ध्या तासात उरकलं, नदीकाठी स्पीकर लावला, नदीचं नावसुद्धा चुकवलं. आणि शेवटी हे वाक्य: ‘शनिवार-रविवार गाडी काढून येणाऱ्या तुमच्यासारख्या शहरी पाहुण्यांना आमचं गाव म्हणजे फोटोमागचा पडदा.’

चूक आधी मान्य करतो. तेर तेरणेच्या काठी आहे, मी मांजरा लिहून बसलो. घाईत झालं. तशी तेरणा पुढं जाऊन मांजरेलाच मिळते, पण ते असो. चूक ती चूक.

आता ‘शहरी पाहुणे’. साहेब, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? गाडीची लातूरची पाटी बघून? माझं गाव औसा तालुक्यातलं. वडील एसटीत कंडक्टर होते. सुट्टीत त्यांच्या मागं लागून मी कितीतरी फेऱ्या मारल्यात, तिकिटाच्या पेटीला टेकून झोपलोय. आजी चैत्रात गोरोबा काकांच्या यात्रेला जायची. छोट्या रुळाच्या गाडीनं ढोकीला उतरायचं आणि पुढं बैलगाडी. परत येताना चिरमुऱ्यांची पुरचुंडी आणि एक मातीचं गाडगं हमखास. गोरोबा काका कुंभार, म्हणून तेरहून गाडगं आणायचंच, असा तिचा नियम. ते गाडगं अजून आमच्या माळ्यावर आहे, काठ उडालेलं. पाहुण्यांच्या घरी असलं काही असतं का?

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी सातवीत होतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आत. आदल्याच दिवशी गणपती बोळवले होते, कानामागचा गुलालसुद्धा निघाला नव्हता. आमच्या घराची मागची भिंत गेली आणि पुढचे कितीतरी महिने आम्ही पत्र्याच्या शेडात काढले. याचा तेरशी काय संबंध, असं विचाराल. संबंध नाही. पण ज्यानं या मातीत शेडाखाली थंडी काढलीय त्याला ‘पाहुणा’ म्हणताना माणसानं जरा थांबावं, एवढंच म्हणणं आहे. मुद्दा कुठलाही मांडा, त्याला बोलण्याची काही रीत असते की नाही?

आणि ‘आमचं गाव’ हे काय? गोरोबा काका काय फक्त तेरकरांचे?

राहिलं त्रिविक्रमाचं देऊळ. तुम्हाला वाटतं मला माहीत नाही. विटांचं आहे, मागची बाजू गोल, छत हत्तीच्या पाठीसारखं. मुळात बौद्ध चैत्य, म्हणजे प्रार्थनागृह असावं, असं अभ्यासक म्हणतात. तेर म्हणजे जुनं तगर, इथलं कापड गाड्यांतून भडोच बंदराला जायचं, पेरिप्लस या जुन्या ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. संग्रहालयातली उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लाकडी चौकट पाहिली, ती हस्तिदंती बाहुलीही पाहिली. अशीच एक बाहुली इटलीतल्या पॉम्पेईत सापडली, हेही ठाऊक आहे. लिहिलं नाही, कारण हे सगळं दहा ठिकाणी लिहिलेलं आहे. त्या भज्यांबद्दल कोणी लिहिलंय का? ती बाई कढईत घाणा सोडायच्या आधी पिठाचा एक थेंब टाकून बघते. तो वर आला की मगच पुढचं काम. मिरची उभी चिरून, आत ओवा. ‘जरा दम धरा की’ म्हणते आणि आपण धरतो. आम्ही पाच मित्र, पाच प्लेटी, मग आणखी तीन. आठ ओळी कमीच झाल्या.

अर्ध्या तासाचं म्हणाल तर, एकाला रात्रपाळी होती. स्पीकर माझा नव्हता, मित्राचा होता, आणि पाचेक मिनिटांत बंद केला. (बरं, दहा धरा.) प्लास्टिकचंही तुम्ही काहीतरी लिहिलंय. आमच्या पिशव्या आम्ही परत आणल्या, पुढचं मला विचारू नका.

एक मात्र विचारतो, रागावू नका. ‘आमचं गाव, आमचं गाव’ म्हणताय, मग त्या संग्रहालयात तुम्ही स्वतः शेवटचं कधी पाऊल टाकलंत? त्या रविवारी आम्ही पाच सोडून आत कोणी नव्हतं.

पुढच्या शनिवारी खरोशाच्या लेण्यांना निघतोय. जांभ्या दगडातली लेणी आहेत, वर डोंगरावर रेणुकामाता. तुम्ही येणार असाल तर गाडीत एक जागा होईल, मागं, मधली. स्पीकर घेऊ नका म्हणून मित्राला सांगतो, ऐकेलच असं नाही.

नदीचं नाव लेखात दुरुस्त केलंय. भज्यांच्या आठही ओळी तशाच ठेवल्यात.