खुलासा : फोन लावल्याने कॉकपिटमधलं घड्याळ मागे पडत नाही

सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक फोटो फिरतोय. छोट्या विमानाच्या कॉकपिटमधलं डिजिटल घड्याळ, त्याच्याच यूएसबी पोर्टला लावलेला फोन, आणि वेळ साडेपाच तास मागे. ‘चार्जिंगमुळे घड्याळ बिघडलं, असली विमानं चिपीला (सिंधुदुर्गच्या विमानतळावर) उतरवू नका’ असा मजकूर खाली. हा दावा चुकीचा आहे.

घड्याळ बरोबरच आहे. विमानवाहतूक जगभर यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालते आणि भारतीय वेळ तिच्या ५ तास ३० मिनिटं पुढे असते. चिपीला सकाळचे ११ वाजले की घड्याळात ०५:३० दिसणारच. बटण दाबत गेलं की स्थानिक वेळ, उड्डाणाचा काळ, स्टॉपवॉच असं एकेक समोर येतं. उगाच घाबरवू नका लोकांना.

विमानातली वीज साधारण १४ किंवा २८ व्होल्टची. आतलं सर्किट ती साध्या यूएसबीसाठी ५ व्होल्टवर आणतं. हे पोर्ट फक्त चार्जिंगचे असतात, त्यामुळे फोन घड्याळाची वेळ बदलू शकत नाही. जपायचं ते होकायंत्राला. फोनच्या स्पीकरमध्ये चुंबक असतं, तो जवळ ठेवला तर दिशा चुकू शकते. हे आपल्या होडीवाल्यांना वेगळं सांगायला नको.

ज्या ग्रुपवर तो फोटो टाकलात, तिथे हेही टाका.