वर्गवारी कायम ठेवावी

अभिनंदन! तुमच्या नावाचा कार्यालयीन आदेश निघाला. दिल्लीत बदली होऊन वर्ष व्हायच्या आत ही जबाबदारी मिळाली, म्हणजे वरच्यांचा तुमच्यावर विश्वास आहे, किंवा रजेवर नसलेले तुम्ही एकटेच होता. मंत्रालयातल्या जुन्या गोपनीय फाइली तपासायच्या आणि ‘गोपनीय’ ही वर्गवारी उठवून त्यातल्या कुठल्या आता लोकांना दाखवता येतील ते ठरवायचं, एवढंच काम. सार्वजनिक अभिलेख नियम, १९९७ सांगतात की हा अधिकारी अवर सचिवाच्या खालचा नसावा. अवर सचिवाच्या वर कुणी असायला नियमाची हरकत नाही, पण वरच्यांची आहे.

हेच नियम पुढे म्हणतात की गोपनीय फाइलींचा दर पाच वर्षांनी आढावा घ्यावा. घाबरू नका. आढावा घ्यावा असं म्हटलंय, फाइल उघडावी असं कुठे म्हटलंय?

कामाला लागण्याआधी एक छोटा हिशेब मांडा. तुम्ही कागद खुला केलात आणि उद्या कुणी म्हणालं की तो खुला करायचा नव्हता, तर १९२३ चा शासकीय गुपितं कायदा आहे. त्याच्या पाचव्या कलमात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तुम्ही रीतसर आदेशाने काम करता, तुम्हाला ते लागू होणार नाही, हे मलाही कळतं. पण रात्री दोन वाजता जाग आल्यावर तुम्हाला कळेल का? आता दुसरी बाजू. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात कैद आहे ती कागद परवानगीशिवाय देशाबाहेर नेणाऱ्याला आणि नियमाबाहेर नष्ट करणाऱ्याला. कागद नुसता कपाटात ठेवून निवृत्त होणाऱ्याला काय? काही नाही. निरोप समारंभ, शाल, श्रीफळ.

एवढं पटलं की बाकीचं तंत्र सोपं आहे. तरी गुरू कुणाला करावं असं विचाराल, तर हेंडरसन ब्रुक्स अहवालाकडे बोट दाखवीन. १९६२ च्या चीन युद्धात आपलं काय चुकलं, हे शोधायला लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेम भगत यांना बसवलं. दोघांनी काही महिन्यांत, १९६३ साली, अहवाल हातावेगळा केला. (सरकारी अहवाल इतक्या झटपट आला, तिथेच खरं तर कुणाला तरी संशय यायला हवा होता.) तेव्हा संरक्षणमंत्री होते आपले यशवंतराव. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य शाळेत आपण सगळ्यांनीच घोकलंय. धावून गेल्यावर सह्याद्रीच्या हातात हा अहवाल पडला. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी संसदेत निवेदन केलं: प्रशिक्षण, साहित्य, हुकुमाची साखळी, जवानांची शारीरिक क्षमता, सेनाधिकाऱ्यांची कुवत, अशा मुद्द्यांवर चौकशी झाली आहे. सार सांगितलं आणि अहवाल कपाटात गेला. साठ वर्षं उलटून गेली, कपाट अजून तसंच आहे.

यातली खुबी पाहा. १९७० मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने त्या युद्धावर पुस्तक लिहिलं, ते या अहवालाच्या आधाराने. म्हणजे अहवालातलं सार पुस्तकांच्या दुकानात विकत मिळत होतं आणि मूळ अहवाल टॉप सीक्रेट होता. कुलदीप नय्यर यांनी माहिती अधिकारात तो मागितला. केंद्रीय माहिती आयोगाने नाही म्हटलं. २०१० साली संरक्षणमंत्री अँटनी यांनी संसदेला सांगितलं की अहवालातला मजकूर अतिशय संवेदनशील तर आहेच, शिवाय आजच्या लष्करी कारवाईच्या दृष्टीनेही मोलाचा आहे. हे वाक्य पाठ करा. सुती गणवेश आणि कॅनव्हासचे बूट घालून हिमालयातल्या थंडीत कसं लढावं, याची माहिती आजही शत्रूच्या हाती लागू नये, यात गैर काय?

मग २०१४ उजाडलं. मॅक्सवेलने त्या अहवालाचा मोठा भाग सरळ इंटरनेटवर टाकला. थोड्याच दिवसांत ती साइट भारतात उघडेनाशी झाली. तेव्हा विरोधी बाकांवर असलेल्या अरुण जेटलींनी मार्चमध्ये लिहिलं की असे दस्तऐवज लोकांपासून अनंत काळ दडवून ठेवायचे का? जुलैमध्ये तेच जेटली संरक्षणमंत्री म्हणून राज्यसभेत उत्तर देत होते: अहवाल पूर्ण किंवा अंशतः उघड करणं राष्ट्रहिताचं नाही. चार महिने! पक्ष बदलला, सरकार बदललं, शेरा तोच. देशात सर्वपक्षीय एकमत होत नाही असं म्हणणाऱ्यांनी ही फाइल पाहावी. म्हणजे, पाहता आली तर.

याउलट नेताजींच्या फाइलींचं काय झालं, ते धडा म्हणून लक्षात ठेवा. परराष्ट्र संबंध बिघडतील, परराष्ट्र संबंध बिघडतील, असं पंतप्रधान कार्यालय माहिती मागणाऱ्यांना सांगत राहिलं. सप्टेंबर २०१५ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने ६४ फाइली खुल्या केल्या, मग केंद्रालाही राहवेना. २३ जानेवारी २०१६ रोजी शंभर फाइली बाहेर आल्या. कुठल्या देशाने आपला राजदूत परत बोलावला? कुणीच नाही. असल्या घटनांनी आपल्या शेऱ्याची पत जाते. एकदा लोकांना कळलं की फाइल उघडूनही आभाळ कोसळत नाही, की ते दुसरी मागायला येतात.

आता रोजच्या कामातल्या क्लृप्त्या. सगळ्यात भरवशाची म्हणजे पत्रव्यवहार. जुन्या फाइलीत आपल्याच खात्याचे कागद कधीच नसतात. एखादं पत्र गृहचं, एखादी तार परराष्ट्रची, एखादी चिठ्ठी गुप्तवार्ता विभागाची. ज्याचा कागद त्याची संमती हवी, हे तत्त्व रास्तच आहे. तेव्हा तिघांना लिहा, ‘आपले अभिप्राय कळवावेत.’ गृह म्हणेल परराष्ट्रचं मत घ्या, परराष्ट्र म्हणेल मूळ कागद पाठवा, गुप्तवार्ता विभाग उत्तरच देणार नाही. दर सहा महिन्यांनी स्मरणपत्र पाठवायला मात्र विसरू नका. फाइल जाडजूड होते आणि काम चालू दिसतं.

कुणी माहिती अधिकाराचं कलम ८(३) पुढे करील, वीस वर्षं झाली की माहिती द्यावीच लागते म्हणून. त्याला म्हणा, खालची ओळ वाचा. सुरक्षा, परराष्ट्र संबंध, संसदेचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद यांना वीस वर्षांनीही सूट आहे. जुन्या फाइलीत याखेरीज असतं काय? कँटीनचं बिल.

संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये धोरणच आणलं: युद्ध संपल्यावर पाच वर्षांत त्याचा इतिहास लिहायचा आणि नोंदी साधारणपणे पंचवीस वर्षांत खुल्या करायच्या. छान धोरण आहे. त्यातला ‘साधारणपणे’ हा शब्द जपून ठेवा, जन्मभर पुरेल.

जनपथावरचं राष्ट्रीय अभिलेखागार तगादा लावील अशीही भीती नको. त्यांची अवस्था मुलीकडच्या मंडळींसारखी आहे, वाट पाहणं एवढंच त्यांच्या हाती. डिसेंबर २०२२ मध्ये, तेही सुशासन सप्ताहात, तिथल्या महासंचालकांनीच सांगून टाकलं की १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांच्या नोंदी आमच्याकडे नाहीत, हरित क्रांतीच्याही नाहीत. तोवर १५१ मंत्रालयं आणि विभागांपैकी ३६ जणांचेच कागद आले होते. युद्धाचं समजू शकतो. पण गव्हाच्या बियाण्यात कसलं गुपित होतं, हे त्या खात्यातल्या तुमच्यासारख्याच कुणा अवर सचिवाला ठाऊक.

आणि तुमच्या जोडीला वाळवी आहेच. तिला सिक्युरिटी क्लिअरन्स लागत नाही, ती शिक्का वाचत नाही, टॉप सीक्रेट आणि साधं परिपत्रक एकाच मायेने खाते. पाच वर्षांच्या आढाव्याची मुदत तिने आजवर कधी चुकवलेली नाही.

इतकं वाचूनही तुमच्यातला तरुण माणूस उचल खात असेल, तर एक फाइल काढाच. धूळ झटका, नाडी सोडा, शेवटच्या पानावर जा. २००२, ‘वर्गवारी कायम ठेवावी’, निळी शाई. २००७, ‘वर्गवारी कायम ठेवावी’, काळी शाई. २०१२, २०१७, २०२२, मजकूर तोच, अक्षर तेवढं वेगळं. आता २००७ ची सही जरा उजेडात धरून वाचा. ओळखीची वाटतेय ना? ते तेव्हा तुमच्याच टेबलावर होते. आज ते तुमचे सहसचिव आहेत आणि फाइल मान्यतेसाठी त्यांच्याकडेच जायची आहे.

नाडी बांधा. बांधता बांधता शिपायाला चहा सांगा.