समुद्राला कसलं तिकीट?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की हॅम्बुर्गकडच्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक तक्रार ठरलेली. कुणीतरी ल्युबेकच्या आखातावर जाऊन येतं, फोटो टाकतं आणि खाली लिहितं, "बीच मस्त, पण वाळूत पाय ठेवायचेही पैसे घेतात हो!" मग खाली रागावलेल्या चेहऱ्यांची रांग लागते. गंमत म्हणजे यातली निम्मी मंडळी आदल्याच दिवशी शेजारच्या हान्सा पार्क या मनोरंजन पार्कात माणशी पन्नास युरोच्या आसपास मोजून आलेली असतात. त्याबद्दल चकार शब्द नाही.

माझं मत बरोबर उलटं आहे आणि मी ते ऐसपैस लिहिणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा. लहान मुलं आणि भारतातून आलेले आई-बाबा अशी सगळी वरात घेऊन झीर्क्सडॉर्फला जाणार असाल, तर किनाऱ्याचे ते तीन-साडेतीन युरो हाच अख्ख्या सहलीतला सगळ्यात वसूल होणारा खर्च आहे.

ज्यांना जागा माहीत नाही त्यांच्यासाठी: झीर्क्सडॉर्फ हे ल्युबेकच्या उत्तरेला बाल्टिक समुद्रावरचं छोटं गाव. एका बाजूला हाफक्रुग, दुसऱ्या बाजूला नॉयश्टाट. गावाच्या वरच्या अंगाला हान्सा पार्क. समुद्राला इतका खेटून असलेला एवढा मोठा पार्क जर्मनीत दुसरा नाही. १९७३ मध्ये इथे लेगोलँड उघडलं होतं, डेन्मार्कमधल्या बिलुंडच्या मूळ लेगोलँडनंतरचं दुसरं. ते फार टिकलं नाही. १९७७ मध्ये त्याच जागेवर हान्सालँड आलं आणि १९८७ पासून नाव हान्सा पार्क. मध्ययुगातल्या हान्सा व्यापारी संघाची सगळी थीम आहे, कारण त्या संघाची राणी म्हणजे शेजारचं ल्युबेक. कार्नान नावाचा रोलरकोस्टर उंच बुरुजातून ७३ मीटरवरून खाली झेपावतो, ताशी १२७ किलोमीटरने. खऱ्या कार्नानचा बुरुज समुद्रापलीकडे स्वीडनमध्ये हेल्सिंगबोर्गला आहे.

पार्क चांगलाच आहे, वाद नाही. पण तीन पिढ्या घेऊन गेल्यावर काय होतं ते आठवा. धाकटीची उंची कमी पडते, ती रडते. मोठा कार्नानच्या रांगेत, त्याच्याबरोबर बाबा. आई झोपाळ्यांपाशी. आणि आजी-आजोबा? ते बाकावर, सगळ्यांच्या पिशव्या, जॅकेटं आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत. पन्नास युरो भरून राखणदारी. संध्याकाळी विचारलं की म्हणतात, "छान होतं हो, मुलांना मजा आली." आपल्या आई-बाबांच्या "छान होतं"चा अर्थ आपल्याला कळतो की नाही?

किनाऱ्यावर ही विभागणी होतच नाही. पाणी उथळ. आत बरंच चालत गेलं तरी कमरेच्या वर येत नाही. भरती-ओहोटी म्हणावी अशी नाहीच, त्यामुळे सकाळी मांडलेला पसारा दुपारी तिथेच कोरडा सापडतो. बाबांना हे पटतच नव्हतं. रत्नागिरीत वाढलेला माणूस, दर अर्ध्या तासाने विचारायचे, "अगं, पण भरती कधीची?" शेवटी त्यांनी वाळूत काडी खोचून स्वतः तपासलं. पाणीही आपल्या समुद्राहून बरंच अळणी. अरबी समुद्रात लिटरमागे पस्तीस-छत्तीस ग्रॅम मीठ, इथे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. मुलांच्या नाकाडोळ्यांत गेलं तरी चुरचुरत नाही. आणखी एक: इथला किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे. सूर्य समुद्रातून उगवतो आणि मागे जमिनीवर मावळतो. कोकणातल्या माणसाला हे सगळंच उलटं वाटतं. सूर्यास्ताचे फोटो हवे असतील तर दुसरा समुद्र बघा.

आता श्ट्रांडकॉर्बबद्दल, म्हणजे किनाऱ्यावरच्या वेताच्या खुर्चीबद्दल, लिहिल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. १८८२ मध्ये रोस्टॉकच्या विल्हेल्म बार्टेलमान नावाच्या टोपल्या विणणाऱ्या कारागिराने संधिवात असलेल्या एका बाईंसाठी वारा आणि ऊन दोन्ही अडवणारी वेताची खुर्ची केली. पुढच्याच वर्षी त्याच्या बायकोने अशा खुर्च्या रोस्टॉकजवळच्या वार्नम्युंडच्या किनाऱ्यावर भाड्याने द्यायला सुरुवात केली. मूळ गिऱ्हाईकच सांधे दुखणारं. म्हणून आपल्या आयांना ती इतकी मानवते. दोघांपुरतं बाकडं, वर छप्पर, आत पट्ट्यापट्ट्यांचं कापड, पाठ मागे झुकवता येते, पायांसाठी खालून फळ्या सरकतात आणि दोन्ही बाजूंना चहाचा कप मावेल एवढी घडीची टेबलं. मागे नंबर रंगवलेला. पुढे लाकडी जाळीचा दरवाजा आणि कुलूप, भाडं दिलं की किल्ली मिळते. आईने शाल गुडघ्यांवर घेतली, डब्यातले धपाटे काढले आणि दुपारपर्यंत हलली नाही. ऊन फिरलं की आम्ही दोघांनी दोन कडांना धरून अख्खी कॉर्ब तिच्यासकट फिरवायची. शेजारचे जर्मन आजोबा तेच करत होते, त्यांच्या आजींसकट.

भाडं दिवसाला दहा-पंधरा युरो. बीचवर जाऊन खुर्ची भाड्याने कोण घेतं, असं म्हणणाऱ्यांनी त्या वाऱ्यात चटईवर बसून दाखवावं. जुलै असला तरी वारा जुलैचा नसतो.

तर, तिकीट. इथे त्याला कुरटाक्स म्हणतात. मुलांना बहुतेक ठिकाणी माफ. ऑटोमॅटमधून काढायचं, खिशात ठेवायचं. बाबांनी ऑटोमॅटसमोर उभं राहून जाहीर केलं, "समुद्राला तिकीट? समुद्र काय ग्रामपंचायतीने खणलाय?"

प्रश्न चोख आहे आणि जर्मनांनीही तो विचारलाय. तिकडे नॉर्थ सीवर वांगरलांट म्हणून भाग आहे. तिथे नऊएक किलोमीटर किनाऱ्यावर प्रवेशाचे पैसे घेत होते. माणसं कोर्टात गेली आणि २०१७ मध्ये लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने सांगितलं की जिथे काही सोयी केल्याच नाहीत अशा मोकळ्या वाळूवर तुम्ही प्रवेशशुल्क लावू शकत नाही, तिथे लोकांना मुक्तपणे जाता आलं पाहिजे. मला हा निकाल फार आवडतो, कारण त्याने भांडण जागेवर आणलं. समुद्र फुकटच आहे. पैसे आहेत ते संडासाचे, कचरा उचलण्याचे, रोज सकाळी वाहून आलेलं समुद्रगवत बाजूला करण्याचे, लाकडी पायवाटांचे आणि त्या उंच मचाणावर बसलेल्या पोरांचे.

मचाणावरची पोरं म्हणजे डीएलआरजी, जर्मनीची जीवरक्षक संघटना. १९१२ च्या जुलैमध्ये याच बाल्टिकवर, र्‍युगन बेटावरच्या बिन्झला बोटीची वाट बघणाऱ्या गर्दीखाली धक्क्याचा एक भाग कोसळला. डझनाहून जास्त माणसं बुडाली. तेव्हा पोहता येणारे फारच थोडे असत. त्यातून पुढच्या वर्षी ही संघटना उभी राहिली. आजही मचाणावर दिसतात त्यातले बहुतेक स्वयंसेवक, सुट्टीतले विद्यार्थी. लाल-पिवळा झेंडा म्हणजे पहारा आहे, वर पिवळा लागला तर कच्च्या पोहणाऱ्यांनी आणि मुलांनी पाण्याबाहेर, लाल लागला तर कुणीच नाही. आम्ही बसलो होतो तिथे विशीतली एक मुलगी दुर्बीण लावून होती. एक गृहस्थ गुलाबी फ्लेमिंगोवर आडवे होऊन बिअर पीत आत आत चालले होते. तिने तीनदा शिट्टी मारली. ते हात हलवून हसले. मग ती खाली उतरली, पाण्यात गेली आणि फ्लेमिंगोच्या मानेला धरून त्यांना ओढत परत आणलं. एक शब्द न बोलता. अख्ख्या किनाऱ्याने टाळ्या वाजवल्या.

हसण्यावारी नेऊ नका. किनारा पूर्वाभिमुख, त्यामुळे पश्चिमेचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. पाणी अगदी शांत, गुळगुळीत दिसतं आणि तेव्हाच हवा भरलेलं काहीही झपाट्याने लांब जातं. त्याच वाऱ्याने वरचं कोमट पाणी ढकललं जाऊन खालचं गार वर येतं. काल मुलं दोन तास डुंबली आणि आज पाऊल टाकताच किंचाळतात, ते यामुळे. ट्यूब, तराफे, फ्लेमिंगो अशा दिवशी गाडीतच राहू द्या.

अजून एक, आणि हे खास आई-बाबांसाठी. कडक उन्हाळ्यात पाणी वीस अंशांच्या वर तापलं की बाल्टिकच्या कमी खारट पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जिवाणू वाढतात. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. पण मधुमेह असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल आणि पायाला भेग किंवा जखम असेल, तर पाण्यात उतरू नये. आपल्याकडे साठीच्या पुढे मधुमेह नाही असं घर दाखवा. निघण्याआधी तळपाय बघा, लाजू नका. मुलांना पिवळसर-केशरी खडा सापडला तर अंबर म्हणून खिशात घालू देऊ नका. युद्धातल्या बॉम्बमधला फॉस्फरस अगदी तसाच दिसतो आणि वाळला की पेट घेतो.

हो, युद्ध. दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेला दारूगोळा टनावारी याच आखातात ओतला गेला. तो काढण्याचं प्रायोगिक काम २०२४ मध्ये सुरू झालं, पैसे जर्मनीच्या केंद्र सरकारचे. आणि ३ मे १९४५ ला, युद्ध संपायला चार-पाच दिवस उरले असताना, नॉयश्टाटसमोर ब्रिटिश विमानांनी काप आर्कोना आणि थीलबेक ही जहाजं बुडवली. आत नॉयएनगामे छळछावणीतले कैदी कोंबलेले होते. सुमारे सात हजार माणसं गेली. नॉयश्टाटला किनाऱ्यालगत त्यांची दफनभूमी आहे. मुलं जरा मोठी असतील तर घेऊन जा. वेळ फार लागत नाही. इन्स्टावरच्या "टॉप टेन बाल्टिक बीच"मध्ये हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

कोकणाशी तुलना करू नकोस असं नवऱ्याने बजावलंय, पण थोडी करणारच. आपल्याकडेही काही गावांत गाडी वळली की पावती फाडतात. मला त्या पावतीचा राग नाही, फाडाच. राग याचा की ती फाडल्यावर किनाऱ्यावर बायकांना जायला संडास नसतो आणि पाण्यावर लक्ष ठेवायला माणूस नसतो. दर पावसाळ्यात पुण्या-मुंबईच्या पोरांच्या बुडाल्याच्या बातम्या येतात आणि आपण "बेजबाबदार तरुणाई" म्हणून मोकळे होतो. बिन्झला धक्का कोसळला तेव्हा लोकांनी बुडालेल्यांना नावं ठेवली नाहीत, पोहायला शिकवणारी संस्था काढली. नवरा म्हणतोय, झालं तुझं?

झालं. पार्कात जायचंच असेल तर मोठी मुलं आणि एक पालक एवढ्यांनीच जा, बाकीच्यांना खाली किनाऱ्यावर सोडा. चालत जाण्याच्या अंतरावर आहे. वारा तिकडचा असेल तर कार्नानवरच्या किंकाळ्या ऐकू येतात आणि आजी निवांतपणे म्हणू शकते, "तो आपलाच असेल." फिशब्रोटशेन, म्हणजे मासळी भरलेला पाव, घेतलात तर तो छपराखाली उभं राहूनच खा, सीगल मागून येतो आणि हातातलं मासळीसकट नेतो. ऑटोमॅटसाठी सुटी नाणी ठेवा. आणि तिकीट न काढता गेलात, तपासनीसाने पकडलं, तर ग्रुपवर मला टॅग करू नका.