सिंगलटनचे पाय मंदावले नव्हते

पेन स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाबद्दलचं (फुटबॉल म्हणजे तिकडचा, हेल्मेटवाला) एक निदान 2023च्या हंगामापासून फिरतंय. त्यानंतरचे हंगाम येऊन गेले, पण ते काही मरत नाही. निदान असं: त्या वर्षी संघाला चेंडू घेऊन लांब मुसंडी मारता आली नाही, कारण पुढची फळी (पळणाऱ्यासाठी प्रतिस्पर्ध्यांना अडवून वाट काढणारे) कमकुवत होती. शिवाय चेंडू घेऊन पळणाऱ्या निकोलस सिंगलटनचा पहिल्या वर्षीचा वेग उरला नव्हता. त्याच्यात आणि दुसरा पळणारा केट्रॉन अ‍ॅलन याच्यात चेंडू वाटून दिल्याने कुणालाच लय सापडली नाही. आणि समोर मिशिगन, ओहायो स्टेटसारखे बचाव होते.

चारही कारणं पटकन पटतात. शनिवारी दुपारी सोफ्यावर बसून मीही त्यातली दोन मोठ्या आवाजात मांडलेली आहेत. नंतर आकडे काढून बसलो आणि गप्प झालो.

आधी नेमकं बिघडलं काय ते पाहू. 2022मध्ये सिंगलटन विद्यापीठात नवखा होता. त्याने 156 वेळा चेंडू घेऊन 1,061 यार्ड काढले, म्हणजे सरासरी 6.8. ऑबर्नविरुद्ध 10 वेळा चेंडू हातात आला आणि त्यात 124 यार्ड निघाले. 2 जानेवारी 2023च्या रोझ बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात युटाविरुद्ध तो 87 यार्ड सुटला, मागे वळूनही न पाहता. पुढच्या हंगामात त्याच मुलाने 171 वेळा चेंडू घेतला आणि यार्ड निघाले 752. सरासरी 4.4. दर वेळी 2.4 यार्ड कमी म्हणजे वर्षभरात चारशेवर यार्ड हवेत विरले.

आता फळीचा मुद्दा. तो सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि सगळ्यात लवकर कोसळतो. त्याच फळीच्या मागून अ‍ॅलनही पळत होता. 2022मध्ये त्याचे 167 वेळा 867 यार्ड, 2023मध्ये 172 वेळा 902. दोन्ही वर्षी सरासरी 5.2. फळी ढासळली असती तर ती एकट्या सिंगलटनपुरती ढासळेल का? अ‍ॅलन गर्दीत खांदा घालून चार-पाच यार्ड ओढून काढणारा गडी. त्याचा खेळ लांब मुसंडीवर कधीच अवलंबून नव्हता. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर एकेरी-दुहेरी धावा पूर्वीसारख्याच येत होत्या, बंद झाले होते ते षटकार. खेळपट्टीच खराब असती तर एकेरीही आटल्या असत्या. आणि ती फळी होती तरी कोणाची? डावीकडे ओलु फशानू, ज्याला 2024च्या ड्राफ्टमध्ये (एनएफएल या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत) जेट्स संघाने अकराव्या क्रमांकावर उचललं. उजवीकडे केडन वॉलेस, मधे हंटर नूरझाड. तेही दोघं त्याच ड्राफ्टमध्ये एनएफएलमध्ये गेले. तिघंही गेल्यावर, म्हणजे कागदावर फळी हलकी झाल्यावर, 2024मध्ये सिंगलटनची सरासरी 6.4 झाली.

याच आकड्याने वेगाचा मुद्दाही निकालात निघतो. 172 वेळा, 1,099 यार्ड. एकोणिसाव्या वर्षी मंदावलेले पाय विसाव्या वर्षी परत वेगवान होत नाहीत.

चेंडू वाटून देण्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. 2022मध्ये वाटणी 156–167 अशी होती, 2023मध्ये 171–172, 2024मध्ये 172–220. तिन्ही वर्षी वाटून खाल्लं आणि मधल्याच वर्षी उपाशी राहिले.

प्रतिस्पर्ध्यांच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे, ते मान्य करायला हवं. 2023चा मिशिगनचा बचाव सर्वांत कमी गुण देणारा, देशात पहिला. त्याच्या मागोमाग ओहायो स्टेट. त्यांच्यासमोर कोणाचीही मुसंडी आखूडच राहिली असती. पण हंगाम तेरा सामन्यांचा होता आणि हे त्यातले दोन. शिवाय 2024ची बिग टेनची (पेन स्टेट ज्या गटात खेळतं त्याची) अंतिम लढत आठवा. समोर तोवर अपराजित असलेला ओरेगन. सामना 45–37 असा गमावला, पण अ‍ॅलन आणि सिंगलटन दोघांनीही शंभरी ओलांडली.

मग झालं काय? इथे थोडं मैदानात उतरावं लागेल. चेंडू पळणाऱ्याच्या हातात दिला की क्वार्टरबॅकचं, म्हणजे चेंडू हातात देणाऱ्या किंवा पास फेकणाऱ्याचं, काम संपलं. तो सहसा कोणाला अडवायला जात नाही. म्हणजे अकरा बचावपटूंना अडवायला उरतात नऊ. दोन जण कायम मोकळे. पुढची फळी पहिले चार-पाच यार्ड मिळवून देते. त्यापुढचे पन्नास यार्ड त्या दोन मोकळ्या माणसांवर ठरतात, विशेषतः सगळ्यात मागे उभ्या असलेल्या सेफ्टीवर. तो अर्धा क्षण चुकीच्या बाजूला झुकला की सिंगलटन सुटला. तो जागेवरूनच ओळखून पुढे आला की त्याच फटीतून पाच यार्ड मिळतात आणि संपलं.

सेफ्टीला मागे कोण धरून ठेवतं? डोक्यावरून जाणाऱ्या पासची भीती. 2022मध्ये क्वार्टरबॅक शॉन क्लिफर्डच्या प्रत्येक पास-प्रयत्नामागे सुमारे 8 यार्ड निघाले. पुढच्या वर्षी क्लिफर्ड गेला. पार्कर वॉशिंग्टन आणि मिचेल टिन्सली हे चेंडू झेलणारेही गेले. 2023मध्ये त्याच्या जागी आलेल्या ड्रू अलारच्या 389 प्रयत्नांत 2,631 यार्ड, म्हणजे 6.8. त्याचे पास प्रतिस्पर्ध्यांनी दोनदाच झेलले, म्हणून त्याचं कौतुक झालं. पण जोखीम घेत नाही म्हटल्यावर बचाव पुढे सरकणारच. ओहायो स्टेटविरुद्ध तिसऱ्या डाउनला (दहा यार्ड पुढे सरकायच्या चार संधींपैकी तिसरीला) 16 पैकी एकदाच यश आलं. मिशिगनविरुद्ध अलारचे एकूण पासिंग यार्ड 70. दुसऱ्याच दिवशी ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमण आखणारे प्रशिक्षक) माइक युरसिचना नारळ मिळाला. 2024मध्ये अलार 394 प्रयत्नांत 3,327 यार्डांवर गेला, म्हणजे 8.4. पासचे आकडे 8, 6.8, 8.4, सिंगलटनचे 6.8, 4.4, 6.4. दोन्ही रांगा एकमेकींखाली लिहून पाहा.

यावर जाणकार विचारतात, आणि बरोबर विचारतात: सगळे पुढे गोळा झाले असतील तर एकदा ती गर्दी फोडल्यावर मागे रान मोकळंच असायला हवं, मग मुसंडी उलट लांब नको का जायला? सिद्धांत म्हणून खरं आहे. पण त्यासाठी पुढे आलेला मोकळा माणूस चकवावा लागतो, आणि तो नेमक्या भोकात, तुमच्याकडे तोंड करून उभा असतो. पूर्ण वेग पकडण्याआधीच त्याची गाठ पडते. सिंगलटन कमरेत लचकून माणूस चुकवणारा नाही. मोकळी जागा दिसली की सुसाटणारा आहे. म्हणून फटका त्याला बसला, अ‍ॅलनला नाही.

चांगले झेलणारे आणले म्हणून 2024 सुधारलं, असंही म्हणता येत नाही. नोत्र दामविरुद्धच्या ऑरेंज बोलमध्ये पेन स्टेटच्या एकाही वाइड रिसीव्हरला (कडेला उभं राहून पास झेलणाऱ्याला) एकही झेल मिळाला नाही. बदल झाला तो कॅन्ससहून आलेले नवे कोऑर्डिनेटर अँडी कोटेलनिकी यांच्यामुळे. स्नॅपच्या (चेंडू मागे देऊन खेळी सुरू होण्याच्या) आधी माणसं इकडून तिकडे सरकवायची, रचना मोडायची, पुन्हा मांडायची. टाइट एंड टायलर वॉरन कधी झेलायला, कधी अडवायला, कधी स्वतः क्वार्टरबॅकच्या जागी. यूएससीविरुद्ध तर त्याने आधी स्नॅप दिला आणि त्याच खेळीत पुढे पळत जाऊन 32 यार्डांचा टचडाउन झेलला. त्या सामन्यात त्याचे 17 झेल, 224 यार्ड. आता तुम्ही सेफ्टी आहात असं समजा. नजर कोणावर ठेवाल? तो जो अर्धा क्षण विचारात जातो, तोच सिंगलटनला हवा होता.

माझ्या मांडणीला 2025 अडचणीचं आहे, हे लपवत नाही. कोटेलनिकी तेच, तरी सिंगलटन पुन्हा साडेचारच्या आसपास घसरला. वॉरन एनएफएलमध्ये गेला होता. ऑक्टोबरात नॉर्थवेस्टर्नविरुद्ध अलार जायबंदी झाला आणि दुसऱ्या दिवशी मुख्य प्रशिक्षक जेम्स फ्रँकलिन यांनाही घरी पाठवलं. नजर खिळवणारी माणसंच उरली नव्हती, असं मी म्हणू शकतो, पण अ‍ॅलनचं काय करू? त्याच वर्षी त्याने 210 वेळा 1,303 यार्ड काढले आणि पेन स्टेटच्या इतिहासात सर्वाधिक यार्ड पळणारा तो ठरला. तो आता नुसती एकेरी काढणारा राहिला नव्हता, आणि हे मला नीट बसवता येत नाही. तरीही ज्यांना पुन्हा फळीवर बोट ठेवायचंय, त्यांनी एवढंच सांगावं: त्याच फळीच्या मागून त्याने दर खेपेला सहा यार्ड कुठून आणले?