बाळाला बलून दाखवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

तुमच्या घरी दोन वर्षांचं मूल असेल, शनिवार-रविवार मोकळा असेल आणि तो मोकळा आहे हे तुम्हाला बघवत नसेल, तर हॉट एअर बलूनच्या महोत्सवासारखं दुसरं ठिकाण नाही. नाशिककरांना तर सबबही शोधावी लागत नाही. गंगापूर धरणाकडे मोकळं रान आहे, थंडीत आभाळ स्वच्छ असतं आणि वाटेत मिसळ आहे. म्हणजे बेत फसला तरी रविवार फुकट गेला असं म्हणायची कोणाची टाप नाही.

सगळ्यात आधी मनाशी पक्कं करा, की हे आपण मुलासाठी करतोय. गाडीत बसताना, तिकीट काढताना आणि घरी परतताना हे वाक्य मोठ्याने म्हणायचं. त्याने बलून कधी मागितलाच नव्हता, तो कुकरच्या झाकणाशी सुखात होता, असले मुद्दे घरातली वडीलधारी मंडळी काढतील. काढू द्या. तीन वर्षांच्या आतलं माणसाला मोठेपणी सहसा काही आठवत नाही, हे तुम्ही कुठेतरी वाचलेलं असतंच. म्हणून तर फोटो काढायचे. आठवण त्याची, पुरावा आपला.

आता वेळेचं. बलून उडतो सूर्योदयाच्या सुमारास. ऊन चढलं की जमीन तापते, तापलेली हवा झोताने वर उठायला लागते, वारा पिसाटतो आणि वैमानिक हात वर करतो. सबब मुलाला चार वाजता उठवा. एरवी पाचला उठून तुमच्या डोळ्यात बोट घालणारं मूल त्या दिवशी हलवूनही हलणार नाही. झोपेतच त्याच्यावर बनियन, शर्ट, स्वेटर, जाकीट असे थर चढवा.

"अगं, ती कानटोपी डोळ्यावर येतेय त्याच्या."

"येऊ दे गं आई, बाहेर अंधारच आहे."

निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की द्राक्षबागायतदाराच्या पोटात गोळा येतो आणि तो पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो. बलूनवाला मात्र त्याच बातमीने खूश. बाहेरची हवा जितकी थंड आणि जड, तितका गरम हवेचा फुगा सहज वर जातो, गॅसही कमी जळतो. तुम्ही या धंद्यात कुठेच नाही. तुम्ही नुसतं कुडकुडायचं.

बाबागाडी न्यायला विसरू नका. नांगरटीच्या ढेकळांत ती दहा पावलंही चालत नाही, पण मूल एका कडेवर आणि घडी केलेली गाडी दुसऱ्या कडेवर घेऊन चालणारा बाप लांबूनही ओळखू येतो. चुकामूक होत नाही.

मग मुख्य सोहळा. जमिनीवर पसरलेलं नायलॉनचं कापड आधी भल्यामोठ्या पंख्याने फुगवतात. तोवर हवा थंडच असते आणि वेताची टोपली शेजारी आडवी पडलेली. पोट पुरेसं भरलं की बर्नरची ज्वाळा आत सोडतात. आतली हवा शंभर अंशांच्या आसपास पोचते, कापडाच्या सुरकुत्या एकेक करून सुटतात आणि सहा-सात मजली इमारतीएवढा रंगीत डोलारा डुलत उभा राहतो. फार सुंदर दिसतं ते. एवढ्यापुरता उपरोध बाजूला ठेवतो.

तुम्हाला ते दिसणार नाही. कारण बर्नर पेटताना जो आवाज होतो, तो ऐकून चिरंजीवांनी भोकाड पसरलेलं असतं आणि तुम्ही त्यांना घेऊन जनरेटरच्या गाडीमागे पळालेले असता. "घाबरायचं नाही, राक्षस नाहीये तो," असं म्हणून त्यांना धीर द्या. राक्षसाचा विचार तोवर त्यांच्या डोक्यात आलेलाच नसतो.

एक गोष्ट मात्र त्यांना नक्की कळेल. उड्डाणाआधी वैमानिक हेलियमचा एक साधा, हातात मावणारा फुगा हवेत सोडतो आणि तो कितव्या उंचीवर कुठे वळतो ते मान वर करून बघत बसतो. वरचा वारा जोखायची ही पद्धत जगभर चालते. पण दोन वर्षांच्या माणसाने काय पाहिलं? एका काकाने चांगला फुगा सोडून दिला.

"माजा फुगा."

अशा वेळी शास्त्र समजावून सांगावं. बलूनला सुकाणू नसतं. वैमानिक फक्त वर जाऊ शकतो नाहीतर खाली. खालचा वारा एकीकडे वाहतो, वरचा दुसरीकडे, त्यातला सोयीचा वारा गाठायचा, हेच त्याचं कसब. हे सगळं शांतपणे ऐकून घेतल्यावर चिरंजीव म्हणतात, "माजा फुगा." मुद्दा न सोडण्याचा हा गुण कोणाकडून आला, यावर नवरा-बायकोने तिथेच चर्चा करू नये.

तेवढ्यात कर्ण्यावरून घोषणा होते, की वारा वाढल्यामुळे उड्डाणं रद्द. खचू नका. जो कोणी आयोजकांचा टी-शर्ट घालून उभा असेल त्याला गाठा.

"आमचं ऑनलाइन बुकिंग आहे."

"हो साहेब, पण वारा आहे."

"मग आधी कळवायचं ना!"

"आम्हालाही आत्ताच कळलं."

जमिनीलगतचा वारा ताशी 15 ते 18 किलोमीटरच्या पुढे गेला की शहाणा वैमानिक जमीन सोडत नाही. वर जाणं सोपं, उतरायचं कुठे? गंगापूर-गिरणारे भागात खाली एकतर पाणी, नाहीतर द्राक्षाचे मांडव. ऐन माल लागलेल्या मांडवाच्या तारांवर टोपली टेकवणाऱ्याला बागायतदार चहा विचारत नाही.

रद्द झालेलं तिकीट हातात घेऊन घुसमटलेल्या सासऱ्यांना या वेळी जुना किस्सा सांगा. 26 नोव्हेंबर 2005 ला उद्योगपती विजयपत सिंघानिया, वयाच्या 67 व्या वर्षी, मुंबईहून गरम हवेच्या बलूनमध्ये बसून निघाले. 21 किलोमीटरच्या वर जाऊन त्यांनी उंचीचा विश्वविक्रम केला आणि उतरले कुठे, तर आपल्या सिन्नर तालुक्यात, पंचाळ्याला. मुंबईहून नाशिक जिल्ह्यात येताना कसारा घाटात न अडकलेला प्रवासी म्हणूनही त्यांची नोंद व्हायला हवी होती. ती राहून गेली.

मधले तास खाण्यात जातात. त्याबद्दल काय सांगायचं, तिखट रश्श्याशेजारी वरण-भाताचा डबा उघडणाऱ्या माऊलीकडे कोणी बघत नाही.

हां, एक धोका सांगून ठेवतो. मैदान सपाट करायला आणलेला पिवळा जेसीबी कोपऱ्यात उभा असतो. बंद, चालक जेवायला गेलेला. चिरंजीवांना तो दिसू देऊ नका. दिसला, तर ते आधी त्याच्या चाकाला टेकतील, मग टायरच्या खाचेतली वाळलेली माती नखाने उकरतील, मग जमिनीवर टेकवलेल्या बकेटच्या दातांना एकेक करून हात लावतील आणि शेवटच्या दाताशी पोचल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतील. रडं नाही, भूक नाही, शी-शू नाही. हे फार चाललं तर तुमचे पैसे वाया जातील. तेव्हा त्यांना दंडाला धरून उचला आणि विचारा, "आपण काय बघायला आलोय?"

संध्याकाळी वारा पडला की दोराने बांधलेल्या बलूनची फेरी सुरू होते. चार-पाच मजले वर, दोन-तीन मिनिटं, की खाली. तासभर रांगेत उभे राहून टोपलीपाशी पोचलात की समजतं, एवढ्या लहान मुलाला घेत नाहीत. उतरताना टोपली आपटते, तेव्हा गुडघे वाकवून कड घट्ट धरावी लागते, आणि चिरंजीवांचं डोकंही त्या कडेपर्यंत पोचत नाही. पण तुम्ही इतिहास काढा. 19 सप्टेंबर 1783 ला माँगोल्फिए बंधूंनी व्हर्सायला फ्रान्सच्या राजासमोर बलून उडवला, तेव्हा त्यात एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा होता. तिघंही सुखरूप उतरले. "मेंढी चालते आणि आमचं बाळ चालत नाही?" एवढं बोलून बाजूला व्हा. मागच्यांना तेवढीच करमणूक.

अंधार पडल्यावर बलून जमिनीवरच ठेवून गाण्याच्या ठेक्यावर बर्नर पेटवतात, सगळे फुगे आतून उजळतात. याला नाईट ग्लो म्हणतात. चिरंजीव त्यात गाढ झोपलेले असतात. हरकत नाही, फोटोत मान खांद्यावर टाकलेलं मूल गोड दिसतं. बलून मात्र पूर्ण आला पाहिजे, मूल अर्धं आलं तरी चालेल. स्टेटसला लिहा, 'पिल्लूचा पहिला बलून!' उद्गारचिन्हं सढळ हाताने द्या. खाली मावशी, आत्या, ऑफिसातले साहेब लिहितील, 'किती एन्जॉय केलं असेल ना त्याने!' सगळ्यांना बदाम पाठवा.

सोमवारी प्लेग्रुपच्या बाई हौसेने विचारतील, की काय काय बघितलं आमच्या राजाने. तो खणखणीत आवाजात सांगेल, "जेसीबी."

गडबडून जाऊ नका. अमेरिकेत अल्बुकर्कीला 1972 मध्ये 13 बलूनांवर सुरू झालेला मोठा महोत्सव भरतो, तिथे गायीच्या आकाराचे बलून उडतात, मधमाश्यांच्या आकाराचे उडतात; कापड हवं तसं शिवता येतं. बाईंना ठामपणे सांगा, की हो, बलूनच होता तो, जेसीबीच्या आकाराचा.