तूप चालतं, मग चरबी का नाही?

तिरुपतीच्या लाडवांच्या तुपात प्राण्यांची चरबी असल्याचा आरोप चंद्राबाबू नायडूंनी सप्टेंबर २०२४ मध्ये केला. तेव्हापासून आमच्या पुण्यातल्या मित्रांच्या ग्रुपवर हा विषय अधूनमधून निघतोच. भाविकांना भेसळ खाऊ घालणं हा गुन्हाच, त्यावर वाद नाही. पण परवा एकाने लिहिलं की चरबी हे माणसाचं खाणंच नव्हे, आणि त्याखाली भराभर अंगठे पडले. माझं डोकंच फिरलं.

मी जर्मनीत न्युरेंबर्गला राहतो. इथल्या मेत्सगरायमध्ये, म्हणजे खाटकाच्या दुकानात, ग्रीबनश्माल्त्स मांडूनच ठेवलेलं असतं. डुकराच्या पाठीच्या चरबीचे बारीक तुकडे मंद आचेवर ठेवायचे, ते तांबूस कुरकुरीत होत आले की कांदा, सफरचंद, मार्जोरम घालायचं आणि सगळं थिजू द्यायचं. ब्रोत्साइटला, म्हणजे मधल्या वेळच्या खाण्याला, ते काळ्या पावावर जाड लावायचं, वर मीठ. डुक्कर न खाणाऱ्या इथल्या ज्यू घरांनी हेच हंसाच्या कातडीचं केलं, कारण मांसासोबत लोणी त्यांना वर्ज्य. इतकं कडक सोवळं पाळणाऱ्यांनाही चरबीचा विटाळ झाला नाही.

पोषणाचं म्हणाल तर तूप असो की चरबी, ग्रॅममागे कॅलरी ९. तुपात संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट) ६० टक्क्यांच्या आसपास, डुकराच्या चरबीत ४० च्या. उरलेल्यात मोठा वाटा ओलेइक आम्लाचा, जे ऑलिव्ह तेलातही असतं. रोज वाटीभर खाऊ नये हे दोन्हींना लागू. तरी सकाळी उपाशीपोटी चमचाभर तूप घेणारा सात्त्विक आणि चरबी खाणारा राक्षस!

खरं तर माझा राग आकड्यांवरून नाही. आमची आजी धाराशिवकडची. बैलाच्या मांसाच्या लांब पट्ट्या मीठ लावून दोरीवर वाळवायची, त्या चान्या. चरबीचे तुकडे लोखंडी तव्यावर टाकायची. सुटलेलं तेल गाडग्यात जायचं, कडक झालेले तुकडे तिखट-मीठ लावून ज्वारीच्या भाकरीवर. तेल विकत घेण्याची ऐपत नव्हती त्या घरात भाजीला फोडणी याच तेलाची. पुढे २०१५ मध्ये बैलाच्या मांसावरही बंदी आली.

पुण्यात भाड्याच्या खोलीवर मी गावाकडून आलेला डबा खिडक्या लावून उघडायचो. इथे कुणी माझी जात विचारत नाही, आणि चान्या म्हणजे काय हेही कुणाला ठाऊक नाही. दोन्ही गोष्टी मला सारख्याच जाणवतात. तरी ग्रुपवर आजीच्या तव्याबद्दल लिहिणार आहे, नावानिशी. पुण्यात राहून लिहिलं असतं तर घरमालकाने खोली ठेवली नसती.